निवृत्त झाले, पण घरी आलेच नाहीत

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे पती पायदळात २४ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्याला आता दोन वर्षं होतील. मुलगा बारावीत, मुलगी आठवीत, घरात थकलेल्या सासूबाई आणि थोडी जिरायत जमीन. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच पती तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेचे सचिव झाले. तेव्हापासून सकाळी सात वाजताच कुणीतरी ‘मेजर आहेत का घरात?’ (गावात निवृत्त फौजीला असंच म्हणतात) म्हणत पडवीत येऊन बसतं. पती दिवसभर मोटारसायकलवर गावोगाव फिरतात, पेट्रोल पेन्शनीतून जातं. पुण्याजवळच्या एका कंपनीतली सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी त्यांनी नाकारली. गेल्या महिन्यात गावातल्या शहीद स्मारकासाठी त्यांनी २५ हजार रुपये दिले, आणि हे ताईंना कळलं ते पाणवठ्यावरच्या बायकांकडून. घरी दोन शब्द बोलत नाहीत, संघटनेतल्या मित्रांशी मात्र फोनवर तास तास हसतात. काही म्हटलं की उत्तर येतं, ‘राळेगणच्या अण्णांनी अख्खं गाव बदललं, आम्ही एवढंही करायचं नाही का?’ ताई विचारतात, ‘देशसेवा झाली ना? चोवीस वर्षं मी एकटीनं घर ओढलं. आता झेंडावंदन, सत्कार आणि कॅन्टीनच्या चकरा यांच्यासाठी मी अजून किती थांबायचं? त्यांना संघटना सोडायला सांगू का?’

ताई,

पंचवीस हजारांपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्राची शाई तिथंच गडद झाली आहे. ते पैसे तुम्हाला विचारल्याशिवाय द्यायला नको होते. काम कितीही चांगलं असो, पेन्शन ही दोघांची आहे. ती मिळवताना सीमेवर एक जण उभा होता आणि घरात दुसरं माणूस. तुमचा राग मला पुरता पटतो. त्या रागात कंजूषपणा आहे किंवा देशाबद्दल आस्था कमी आहे, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

आता तुमच्या त्या चोवीस वर्षांकडे बघू या. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. ती सगळी मिळाली तरी वर्षातले तीनच महिने होतात, आणि सगळी दर वर्षी मिळते असंही नाही. मधली एखाददुसरी फॅमिली स्टेशनची, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा ठिकाणची पोस्टिंग सोडली, तर लग्नानंतरच्या काळातला जेमतेम चौथा हिस्सा तुम्ही एका छपराखाली काढलात. म्हणजे तुमचा संसार आत्ता कुठं रोजचा होतो आहे. सासूबाईंचं औषध, मुलांच्या फी, शेताची पेरणी, कुणाच्या लग्नात काय आहेर करायचा, हे सगळे निर्णय तुम्ही घेतलेत. आणि आता घरात एक माणूस कायमचा आला, ज्याला या घराचा दिनक्रम ठाऊकच नाही. सैन्यात उठल्यापासून झोपेपर्यंत त्याला कामं नेमून दिलेली असत. घरात त्याला कुणी काही नेमून देत नाही, आणि त्याच्यावाचून काही अडतही नाही. संघटनेत मात्र अडतं. सकाळी सातला पडवीत बसलेल्या माणसाचं काम त्याच्यावाचून अडलेलं असतं. तो तिकडे धावतो त्यात हा मोठा भाग आहे, असं मला वाटतं. घरावरची माया कमी झाली, हा तुमचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

तुम्ही लिहिता, ‘झेंडावंदन, सत्कार आणि कॅन्टीनच्या चकरा’. ही यादी तुम्ही स्वतः पाहून केली आहे, की पाणवठ्यावरून आली आहे? विचारते अशासाठी, की ज्या कामांसाठी हार-तुरे लागतात ती लोकांना दिसतात. जी मोटारसायकलवर होतात ती दिसत नाहीत. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, १६ डिसेंबरचा विजय दिवस, असे मोजके दिवस सोडले तर उरलेलं वर्षभर सचिव काय करतो? एकदा त्यांची डायरी मागून घ्या. रागानं मागू नका, खरंच बघायला म्हणून मागा.

मला त्या डायरीत काय सापडण्याची शक्यता वाटते, ते सांगते. एखाद्या वाडीवरची सत्तरी ओलांडलेली बाई. नवरा पंधरा वर्षं नोकरी करून शिपाई म्हणून निवृत्त झालेला आणि पुढे म्हातारपणात घरीच वारलेला. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या त्याच्या सेवापुस्तिकेवर, म्हणजे डिस्चार्ज बुकावर बायकोचं नाव एक, आधार कार्डावर दुसरं, जन्मतारीख तिसरीच. कुटुंब निवृत्तिवेतन अडकलेलं. पूर्वी बँकेतला साहेब चेहऱ्यानं ओळखायचा. आता संरक्षण खात्याचं पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून येतं, आणि दर वर्षी हयातीचा दाखला वेळेत गेला नाही तर ते थांबतं. बोटांचे ठसे पुसट झालेल्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा यंत्र घेत नाही. मग ती बाई काय करणार? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय जिल्ह्याच्या गावाला. एसटी बदलत जायचं, कुठला कागद राहिला ते ऐकायचं आणि परत यायचं. कार्यालयात कल्याण संघटक असतात, ते तालुक्यांना फिरतात आणि मन लावूनही काम करतात, पण एका जिल्ह्यात किती वाड्या असतात ते तुम्ही जाणता. हे मधलं अंतर संघटनेचा माणूस चालतो. त्यासाठी त्याला पगार नाही.

आणि अशा बाईचा सत्कार कधी होत नाही. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना गेलेल्या जवानाच्या पत्नीला वीरपत्नी म्हणून व्यासपीठावर बोलावतात, ते योग्यच आहे. पण निवृत्त होऊन गावी आलेले आणि आजारानं, म्हातारपणानं गेलेले सैनिक कितीतरी जास्त, त्यांच्या बायकाही तितक्याच. पेन्शनीला लागणारी वर्षं भरण्याआधी घरी आलेल्यांची अवस्था तर आणखी कठीण. त्यातल्या हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरच्या गरजूंना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मासिक मदत मिळते, विधवांनाही मिळते. अर्ज मात्र करावा लागतो, आणि योजना आहे हे आधी कुणीतरी घरी जाऊन सांगावं लागतं. तुमचे पती ते सांगत असतील, तर ही कामं ‘देशसेवा झाली’ या खात्यात बसत नाहीत. ही गावाची सेवा आहे.

आपल्याकडे हे जुनं आहे, ताई. ‘पलटणीतून आलेला’ माणूस गावात अर्ज लिहून द्यायचा, कारण पलटणीच्या शाळेत त्याला अक्षरओळख झालेली असायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणात दापोलीला असे पुष्कळ पेन्शनर राहत. त्यांच्यातल्याच गोपाळबाबा वलंगकरांनी तिथं ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था उभी केली. महारांची सैन्यभरती सरकारनं बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू करावी म्हणून त्यांनी सरकारदरबारी विनंतीपत्र तयार केलं, अस्पृश्यतेविरुद्ध वर्तमानपत्रांतून लिहिलं. सैन्यात मिळालेली अक्षरं आणि ताठ मान त्यांनी समाजासाठी वापरली. सैनिक गावी आला की त्याच्यासोबत गावाला काय मिळू शकतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला सापडत नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथली पोरं भरती होत राहिली. अशा मुलखात स्मारकाची वर्गणी ही उधळपट्टी नसते. एखाद्या आईला मुलाचं नाव दगडावर वाचायला मिळतं, त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. ती घरात न विचारता द्यावी का, एवढाच आपला वाद आहे.

पण म्हणून मी संघटनेची सरसकट बाजू घेत नाही. तालुक्यात दोन-दोन संघटना, दोन अध्यक्ष, एकमेकांच्या कार्यक्रमावर बहिष्कार, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. व्यासपीठावर शाल आणि नारळ, खाली तीच वीरमाता परतीच्या एसटीसाठी उभी. निवडणूक जवळ आली की एखाद्या पक्षाच्या मंचावर रांगेत बसवलेले माजी सैनिक. निवृत्त माणसानं राजकारणात जावं, जरूर जावं, तो त्याचा हक्क आहे. पण स्वतःच्या नावानं जावं. संघटनेचं नाव आणि छातीवरची पदकं उमेदवाराच्या प्रचाराला लावली, की पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या घरातली विधवा कागद घेऊन यायला कचरते. हा तोटा भरून येत नाही.

मग तुमच्या पतींची संघटना कशी आहे हे ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघेन. गेल्या वर्षात किती कुटुंबांची अडलेली कामं मार्गी लागली, हे ती सांगू शकते का, आणि त्यांत शिपायाच्या विधवा किती, साहेब लोक किती. दुसरी गोष्ट पैशाची. संस्था नोंदणीकृत आहे का, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो का, बँकेत संस्थेच्या नावानं खातं आणि दोघांच्या सह्या आहेत का, वर्गणीला छापील पावती मिळते का. (७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी १९४९ पासून जमा होतो, तो जिल्हाधिकारी आणि सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. संघटनेची वर्गणी हा अगदी वेगळा पैसा. दोन्हींची सरमिसळ दिसली, तर तुमच्या पतींनी त्या दिवशी सचिवपद सोडावं, मग कुणी काहीही म्हणो.) आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची : सचिव पंधरा दिवस आजारी पडला तर काम चालतं का? चालत नसेल, तर ती संघटना तुमच्या घराच्या जिवावर उभी आहे. तुमच्या पडवीत, तुमच्या चहावर, तुमच्या पेट्रोलवर.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं की नेमकं हेच झालं आहे. काम चांगलं असावं, पण त्याचा सगळा भार एका घरावर आला आहे. हे खरं असेल तर ‘संघटना सोडा’ हा उपाय चुकीच्या जागी घाव घालतो. संघटना सुटेल, माणूस घरी बसेल. पण तो उमेदीतला माणूस आहे. सहा महिन्यांत तो घरात जास्त गप्प होईल, आणि ज्यांची कामं अडतील ती माणसं तुम्हाला बोल लावतील. दुसरीकडे, चाललं आहे ते तसंच चालू द्या असं मी सांगितलं, तर तुमच्यावर अन्याय होईल.

राळेगणचा दाखला ते देतात, त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असू द्या. अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून गावी आले आणि पाणलोटाची कामं, झाडं, दारूबंदी यांतून त्यांनी गाव उभं केलं, हे खरं आहे. पण ते अविवाहित होते आणि गावातल्या मंदिरात राहत होते. त्यांची पेन्शन म्हणजे त्यांचीच. तुमच्या पतींना बायको आहे, आई आहे, बारावीतला मुलगा आहे. त्यांना वेगळा आराखडा लागेल. हे त्यांना टोमणा म्हणून सांगू नका, पण सांगा जरूर.

फोनवरच्या हसण्याबद्दल. हा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण मला तोच सगळ्यांत दुखरा वाटला. सैन्यातल्या जुन्या सोबत्याशी बोलताना काही समजावून सांगावं लागत नाही. बर्फातली चौकी म्हणजे काय, रात्रीची गस्त म्हणजे काय, कोण कुठं पडला, हे दोघांना माहीत असतं, म्हणून हसता येतं. माजी सैनिकांच्या संघटना इतर काही करोत न करोत, एकट्या पडलेल्या माणसाला अशी चार माणसं मिळवून देतात, आणि त्यानं कित्येक जण सावरतात. तुमच्याजवळ हे बोलायचं तर त्यांना सुरुवातीपासून सांगावं लागेल, आणि त्यातल्या काही गोष्टी तुम्हाला कळू नयेत असंही त्यांना वाटत असेल. म्हणून त्या हसण्याचा हेवा करू नका. मात्र झोप न लागणं, दचकून उठणं, उगाच भडकणं, दारू वाढणं यांतलं काही दिसत असेल, तर ते मित्रांवर सोडू नका. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये दाखवा. तिथून मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात. गुडघ्यासाठी जातो तसंच यासाठी जायचं.

आता प्रत्यक्षात काय करता येईल ते बघू. पडवी मोकळी करा, हे मी पहिलं सांगेन. संघटनेला बसायला जागा हवी, ती ग्रामपंचायतीत, वाचनालयात, देवळाच्या सभामंडपात, कुठंही मिळेल. आठवड्यातले दोन ठरावीक दिवस, ठरावीक वेळ, आणि तसा फलक. मयत किंवा दवाखान्याचं काम असेल तर अर्ध्या रात्रीही जावं, त्याला वेळापत्रक नाही. पण कॅन्टीनचं कार्ड नवं करायचं आहे म्हणून कुणी सकाळी सातला येऊ नये. दोन दिवस ठरले की वाड्यांवरच्या लोकांचीही सोय होते, मेजर भेटतील की नाही या भरवशावर त्यांना हेलपाटा पडत नाही. पेट्रोलचा खर्च संघटनेनं सोसावा, थोडी वर्गणी वाढवावी. जे सभासद वर्षाला शंभर-दोनशे रुपये द्यायला कुरकुर करतात, त्यांचं काम तुमच्या मुलांच्या फीमधून का व्हावं? आणि घराच्या पैशातून काही द्यायचं असेल तर एक रकमेची मर्यादा दोघांनी ठरवा. त्या वरचं एकमेकांना विचारून.

नोकरीचं म्हणाल, तर पुण्याजवळची ती नोकरी त्यांनी नाकारली याचं मला फार वाईट वाटत नाही. ती घेतली असती तर ते पुन्हा महिन्यातून दोनदा घरी येणारे झाले असते, आणि तुम्ही पुन्हा एकट्या. तुम्हाला हवं आहे ते हेच का, हे एकदा स्वतःला विचारा. पण काहीच न करणं हा त्याला पर्याय नाही. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि वयाच्या अटीत सैन्यातली सेवा वजा होते, त्यामुळे त्यांचं वय आड येईलच असं नाही. बँका सुरक्षारक्षक म्हणून आणि लिपिक म्हणूनही माजी सैनिक घेतात. माजी सैनिक महामंडळ, ज्याला सगळे मेस्को म्हणतात, त्याच्याकडे नाव नोंदवून जिल्ह्यातच काम मिळतं का ते बघता येईल. यासाठी अभ्यास लागतो, अर्ज वेळेत जावे लागतात. दुसऱ्याचे अर्ज भरणाऱ्या माणसाला स्वतःचा भरायला आठवड्यातून दोन सकाळी मिळायलाच हव्यात. वर्षभराची मुदत द्या. त्या वर्षात त्यांनी संघटनेत आणखी दोघांना सगळं काम शिकवायचं, ‘स्पर्श’वरचं सुद्धा.

काही बायका मला लिहितात की, संघटनेतून ‘तुम्हीच का येत नाही कामाला?’ असं त्यांना विचारलं जातं. तुम्हालाही विचारतील. मन नसेल तर स्वच्छ नाही म्हणा. चोवीस वर्षं बिनपगारी घर सांभाळलेल्या बाईवर आणखी एक बिनपगारी काम टाकणं मला पटत नाही. मात्र एक गोष्ट खरी आहे. नव्या विधवेच्या घरी चार पुरुष जाऊन बसले की ती पदराआडून मान हलवते आणि सासरा बोलतो. तिला काय हवं आहे, खात्यावरचे पैसे कोण काढतं, दीर कुठं सही करायला सांगतो, हे ती बाईलाच सांगेल. म्हणून प्रत्येक तालुका संघटनेत कार्यकारिणीवर किमान दोन महिला असाव्यात, शक्यतो ज्यांनी स्वतः हे कागद भरले आहेत अशा वीरपत्नी किंवा विधवा, आणि त्यांना प्रवासखर्च मिळावा. सत्कारासाठी बोलावतो त्याच बाईला निर्णय घ्यायला बोलवा, हे मी इथं वाचणाऱ्या सगळ्या अध्यक्षांना सांगते आहे. तुम्हाला कधी वाटलं, तर पतींसोबत एखाद्या घरी नुसत्या जाऊन या. कामाला नको, बघायला.

अग्निवीरांचाही विचार या निमित्तानं व्हायला हवा. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून पहिल्या तुकड्यांत भरती झालेल्या मुलांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतील. त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम करण्याची तरतूद आहे. बाकीची पोरं पंचविशीच्या आतबाहेर घरी येतील, सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन, पण पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, आणि नियमानं माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांना सभासद करून घ्यायचं की दारात उभं ठेवायचं? माझं मत स्पष्ट आहे, घ्यावं. वर्दीतून अचानक बाहेर येणं काय असतं हे तुमच्या पतींइतकं त्यांना कोण सांगणार? आणि मोबाइल, पोर्टल, अर्ज यांत ही मुलं तरबेज असतील. तुमच्या पतींच्या डोक्यावरचा भार हलका करणारे हात तिथून येऊ शकतात. हे त्यांना सुचवून बघा. त्यांना ते आवडेल, असा माझा अंदाज आहे.

आणि आता तुमच्यासाठी आणि माझ्या सगळ्या फौजी घरांतल्या वाचक बहिणींसाठी. गावाचे कागद करणाऱ्या सचिवाच्या स्वतःच्या घरचे कागद पूर्ण आहेत का? येत्या रविवारी पेटी उघडा. पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर तुमचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का. डिस्चार्ज बुकात दोन्ही मुलांची नोंद आहे का. पेन्शन खातं दोघांच्या नावे आहे का. ईसीएचएसचं कार्ड तुमचं, मुलांचं आणि अवलंबून असतील तर सासूबाईंचंही झालं आहे का. आर्मी ग्रुप इन्शुरन्सला वारस कोण लावला आहे. ‘स्पर्श’चा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे का. यातलं काही चुकलेलं असेल तर ते आत्ता, दोघं असताना, एका अर्जात दुरुस्त होतं. नंतर त्यालाच दोन-दोन वर्षं लागतात, आणि त्याच हेलपाट्यांसाठी तुमचे पती आज दुसऱ्यांच्या घरी जात आहेत.

मुलाचंही बघून ठेवा. बारावीला किमान ६० टक्के असतील आणि तो अभियांत्रिकी, वैद्यकीय, शिक्षणशास्त्र अशा एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेला, तर पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात. अर्ज पहिल्याच वर्षी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर करायचा असतो, आणि त्याची पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. शहरात शिकायला ठेवायचा असेल तर सैनिकी मुलांच्या वसतिगृहाची चौकशी तिथंच करा. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी अशी वसतिगृहं असतात, आणि जागा लवकर भरतात.

बोलणं कधी काढायचं? पडवीत कुणी बसलेलं असताना नको, आणि सासूबाईंसमोरही नको. कागदांची पेटी पुढ्यात असताना काढा, कारण ती भाषा त्यांना येते. ‘संघटना सोडा’ असं वाक्य वापरू नका. ‘आठवड्यातले कोणते दोन दिवस?’ इथून सुरुवात करा, मग पेट्रोल, मग त्या पंचवीस हजारांचं तुम्हाला काय वाटलं ते. पाणवठ्यावर ऐकताना कसं झालं ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. ते ऐकून घेतील असा मला भरवसा वाटतो. नाहीच ऐकलं, तर संघटनेच्या अध्यक्षांना स्वतः भेटा आणि दोन दिवसांचा फलक, प्रवासखर्च आणि दुसरा सहसचिव, या तीन गोष्टी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. सभासदाच्या पत्नीला ते विचारायचा पूर्ण अधिकार आहे. मुलाच्या बारावीच्या परीक्षेच्या आधीच्या महिन्यात तरी पडवी त्याच्या अभ्यासाला मिळाली पाहिजे, एवढं मात्र चर्चेवर न ठेवता ठरवूनच टाका.